चिल्लरीतला काचमासा

प्रस्तावना

नांदेडच्या मासळी बाजारात सकाळचा माल उतरला की पुढे कतला-रोहूचे क्रेट लागतात, त्यामागे मरळ, वाम आणि अलीकडे सगळीकडे घुसलेली चिलापी. यांचा भाव किलोवर. ओळीच्या टोकाला गोणपाटावर एक ओला ढीग पडलेला असतो. त्यात बोटाएवढे मळे, दोन-चार झिंगे, शेवाळाचा गुंता, एखादी चुकून आलेली गोगलगाय. या सगळ्याला मिळून नाव एकच : चिल्लर. चिल्लर तोलत नाहीत, तिचे वाटे करतात. वाटा करणारी मावशी ओंजळ भरते, गिऱ्हाईक तोंड वाकडे करते, मग मावशी वरून आणखी एक चिमूट टाकते. त्या वरच्या चिमटीत बहुतेक वेळा पाच-सहा चपटे, चंदेरी, जेमतेम दोन इंचांचे मासे असतात. पाण्यातून काढल्याला तासभर झाला नसेल तर त्यांच्यातून खालच्या गोणपाटाची वीण दिसते.

ही पुस्तिका त्या वरच्या चिमटीविषयी आहे.

इंग्रजीत यांना ग्लासफिश म्हणतात. मराठीत मी काचमासा हा शब्द वापरला आहे. तो शब्दशः आहे, आणि त्यात कोळ्या-भोयांच्या बोलीचा वास नाही, हे मला मान्य आहे. गोदाकाठी जाळे टाकणाऱ्यांना मी जेव्हा जेव्हा हा मासा हातावर ठेवून नाव विचारले तेव्हा उत्तर एकच आले : "चिल्लर हाय की ती सर, तिला काय नाव." एकाने तर मी बाटलीत मासे निवडून ठेवताना विचारले, "काचा कशाला मोजायलाव?" त्याच्या तोंडून काच हा शब्द निघाला, म्हणून तोच घेतला.

मी इथे तीसेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात एक बरणी होती. त्यावर निळ्या शाईने लिहिलेले : चंदा नामा, गोदावरी, नांदेड. आत आठ मासे, फॉर्मॅलिनमध्ये. मी नोकरीला लागलो तेव्हाही ती बरणी तिथे होती आणि दर वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत ती टेबलावर यायची. विद्यार्थी चिठ्ठी वाचून नाव लिहायचे, मी गुण द्यायचो. आतले मासे चिठ्ठीप्रमाणे आहेत की नाहीत हे पाहावे असे मला पहिली एकोणीस वर्षे सुचले नाही. पुढे एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पुस्तकात याचा खालचा जबडा पुढे आलाय, बरणीतल्याचा का नाही?" तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझी एकोणीस वर्षे चुकीची. पुस्तिकेची सुरुवात तिथून झाली. त्या बरणीकडे शेवटी परत येईन.

आधी जिवंत मासा पाहू. गोवर्धन घाटाच्या वरच्या अंगाला, पाणी गुडघ्याएवढे आणि पाणवनस्पती दाट असेल अशा ठिकाणी, सकाळी उन्हे तिरपी असताना काचेच्या बरणीत चार मासे घ्यावेत आणि बरणी डोळ्यांसमोर, उजेडाच्या विरुद्ध धरावी. पहिल्यांदा दिसतो तो डोळा. मोठा, गोल, काळा. मग पाठीचा कणा, त्याचे मणके मोजता येतील इतके स्पष्ट. ते चोवीस-पंचवीस असतात. कण्याखाली एक लांबट चकाकता बुडबुडा, तो वाताशय. त्याच्या पुढे चांदीच्या वर्खात गुंडाळल्यासारखी एक पिशवी, आणि तिच्या पुढे कल्ल्यांचा लालसर डाग. शेपटीकडचा निम्मा मासा मात्र निव्वळ उजेड. त्यातून बरणीपलीकडचे माझे बोट मला दिसते, बोटावरच्या रेषांसकट.

याचे कारण स्वयंपाकघरात सापडते. भजी वर्तमानपत्रावर काढली की तेल पडलेल्या जागी कागद आरपार होतो आणि मागच्या पानावरची अक्षरे दिसू लागतात. कागद तोच असतो. त्याच्या तंतूंमध्ये आधी हवा होती, आता तेल भरले. तंतू आणि हवा यांच्यातून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळतो, म्हणून दर सीमेवर तो विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तंतू आणि तेल यांच्यात तो फरक फारसा नाही, म्हणून प्रकाश सरळ निघून जातो. काचमाशाच्या स्नायूंत हेच घडते. पेशी, पेशींतले द्रव, तंतू यांची प्रकाश वळवण्याची ताकद एकमेकांच्या जवळ आहे, शरीर चपटे आहे, खवले पातळ आहेत, आणि रंगपेशी मोजक्याच. पोटातली आतडी, यकृत, आतले अन्न हे मात्र पारदर्शक करता येत नाही. त्यावर निसर्गाने दुसरा उपाय केला : त्याभोवती आरशासारखे अस्तर लावले. आरसा आजूबाजूचे पाणी दाखवतो, म्हणून पोटही पाण्यात मिसळून जाते. राहता राहिला डोळा. पाहायचे तर दृष्टिपटलाने प्रकाश शोषलाच पाहिजे, आणि प्रकाश शोषणारी वस्तू काळी दिसणारच. त्यामुळे खंड्या किंवा बगळा यांना या माशाचा सुगावा लागला तर तो बहुधा डोळ्यामुळे लागत असावा, असे मला घाटावर बसून वाटत आले आहे.

मेल्यावर हा सगळा खेळ तासाभरात संपतो. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडताच जसा दुधट होतो, तसा मासा आधी धुकट आणि मग पांढरा होतो. प्रथिनांची घडी मोडली की प्रकाश विखुरतो. फॉर्मॅलिनमध्ये तर तो मेणबत्तीसारखा पिवळट दिसतो. आमच्या बरणीतल्या आठ माशांकडे पाहून कुणाला काच आठवली नसती. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी काचमासा शिकला तो असा, मेणाचा.

आता नावाकडे येतो, आणि नावाची गोष्ट मोठी आहे.

फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगाल-बिहारभर हिंडला. पुढे आईकडची मिळकत आल्यावर त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतले. बाजारात, घाटावर, जाळ्यात जो मासा दिसेल त्याचे वर्णन तो लिहून घेई आणि स्थानिक चित्रकारांकडून चित्र काढून घेई. १८१५ मध्ये मायदेशी निघताना बरीचशी चित्रे त्याला कलकत्त्यात सोडून जावी लागली. गव्हर्नर जनरलचा तसा हुकूम होता. उरलेल्या टिपणांवर त्याने १८२२ मध्ये एडिंबरोला गंगेच्या माशांवरचा ग्रंथ छापला. त्यात चंदा हे कुळ आहे आणि नामा, रंगा, लाला, बाकुलिस या जाती आहेत. हे शब्द लॅटिन वाटतात, पण ते नाहीत. बंगालीत या माशाला आजही चांदा म्हणतात. नामा चांदा, रांगा चांदा ही नावे तिकडच्या बाजारात चालू आहेत. गंगेकाठच्या मासे विकणाऱ्याने जे सांगितले ते हॅमिल्टनने लिहून घेतले आणि शास्त्रात ते कायमचे बसले. त्याने पाहिलेले मूळ मासे आज कोणत्याही संग्रहालयात नाहीत. आहे ते वर्णन, आणि त्या विक्रेत्याचा शब्द.

मग आपल्याकडे काय झाले? लेफ्टनंट कर्नल विल्यम सायक्स मुंबई इलाख्याच्या सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. वस्ती, पिके, भाव यांबरोबर त्याने पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचे त्याचे वर्णन १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात आले. सायक्सचा कान तयार होता. खुद्री, कोलुस, मुसुल्ला, शिंगटी, टाकरी ही नावे त्याने इथल्या मासेमारांच्या तोंडून उचलली आणि ती जशीच्या तशी जातीची नावे केली. आज जगात कुठेही दख्खनचा महसीर हा तोर खुद्री असतो. आपली भाषा अशी चोरपावलांनी शास्त्रात जाऊन बसली आहे, याचा मराठी माणसाला पत्ता नसतो. अभिमानाच्या यादीत घालायला हरकत नाही. पण त्याच सायक्सच्या हाती काचमासा आला तेव्हा त्याने नाव दिले अँबॅसिस बार्लोवी. बार्लो हे इंग्रज आडनाव. त्याला मराठी नाव कुणी सांगितले नसेल, की सांगितले असेल आणि ते चिल्लरच असेल? माझा कौल दुसऱ्या शक्यतेला. बार्लोवी टिकले नाही. ती हॅमिल्टनचीच रंगा जात निघाली. म्हणजे दख्खनच्या काचमाशाला मराठी नाव मिळायचे राहिले आणि मिळालेले इंग्रजी नावही गेले. उरले बंगाली.

अँबॅसिस हा तिसरा धागा. फ्रेंच निसर्गवेत्ता कोमेर्सों याच्या हस्तलिखितातला हा शब्द रेयुनियाँ बेटावरच्या अशाच एका माशासाठी होता. क्युव्हिएने तो १८२८ मध्ये कुळाचे नाव म्हणून वापरला. पुढे फ्रान्सिस डे या मद्रासच्या लष्करी डॉक्टरने १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरचा आपला महाग्रंथ काढला आणि हे सगळे मासे अँबॅसिसमध्ये घातले. डच डॉक्टर ब्लीकरने १८७४ मध्ये पॅरँबॅसिस हे वेगळे कुळ काढले होते, पण ते बराच काळ कुणी फारसे मनावर घेतले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत चंदा परत आले ते १९५५ मध्ये फ्रेझर-ब्रुनरने केलेल्या मांडणीनंतर. शेवटी १९८९ मध्ये आणि मग १९९० च्या दशकाच्या मध्यात टायसन रॉबर्ट्‌स यांनी आशियाच्या गोड्या पाण्यातले काचमासे नव्याने तपासले. चंदा कुळात त्यांनी एकटी नामा ठेवली. रंगा, लाला आणि इतर पॅरँबॅसिसमध्ये गेल्या. तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट, तरीही मराठवाड्यातल्या धरणांवरच्या प्रबंधांत चंदा रंगा अजून छापले जाते. मी स्वतः दोन प्रबंधांवर तशी सही केली आहे.

नामा आणि रंगा हे दोघेही गोदावरीत आहेत, आणि चिल्लरीच्या एकाच वाट्यात सापडतात. त्यांना वेगळे करण्यावर या पुस्तिकेची निम्मी पाने खर्ची पडली आहेत. इथे थोडक्यात सांगतो.

दोघांच्याही पाठीवर दोन पर असतात. पहिला काट्यांचा, दुसरा मऊ किरणांचा. पहिल्या पराच्या पुढे कातडीत दडलेला एक आडवा काटा असतो, त्याचे टोक डोक्याकडे. बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवले तर तो जाणवत नाही, उलट फिरवले की टोचतो. हा काटा या सगळ्या घराण्याची खूण. गुदपराला तीन काटे. गालावरच्या हाडाच्या कडेला करवतीसारखे दाते. इथपर्यंत दोघे भाऊ.

फरक तोंडापासून सुरू होतो. नामा अंगाने लांबट. त्याचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे येतो आणि त्यात सुळ्यासारखे दात असतात. रंगा उंचीला जास्त, चांदीच्या जुन्या रुपयाकडे झुकणारा. त्याचे तोंड लहान, दात बारीक. रंगाच्या खांद्याशी, कल्ल्याच्या झाकणामागे, बारीक काळ्या ठिपक्यांचा मिळून एक उभा डाग असतो. सगळ्यांत खात्रीची खूण खवल्यांची. अंगाच्या कडेने जाणाऱ्या ओळीतले खवले मोजावेत : रंगात ते पन्नास-साठीच्या घरात भरतात, नामात शंभराच्या वर जातात. नामाचे खवले इतके बारीक की कोरड्या अंगावर दिसतच नाहीत. मासा टिपकागदावर निजवावा, वरून पाण्याचा एक थेंब सोडावा, भिंगाखाली टाचणीच्या टोकाने एकेक खवला हलवत जावे. पहिल्या वेळी एकाच माशाची मोजणी मी तीनदा केली आणि तीन वेगवेगळे आकडे आले. चौथ्यांदा दर दहाव्या खवल्यावर सुईने शाईचा ठिपका दिला. ही युक्ती सोपी आहे, विद्यार्थ्यांनी जरूर करावी.

नामाचे ते सुळे कशासाठी? याचे उत्तर मला स्वतःला अजून चकित करते. हा दोन-तीन इंचांचा दिसायला गरीब मासा दुसऱ्या माशांचे खवले खातो. बाजूने झेप घ्यायची, खालच्या जबड्याने खवला उचकटायचा आणि पसार व्हायचे. खवल्यात चुना असतोच, वर पौष्टिक श्लेष्माचा लेप असतो. शिवाय खवला पुन्हा उगवतो, म्हणजे त्याच रोहूकडे महिन्याने परत जाता येते. दक्षिण भारतातल्या नामावर ग्रुभ आणि वाइनमिलर यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये कोपिया या नियतकालिकात आला. मासा वाढताना त्याच्या आहारात खवले कसे येत जातात हे त्यात मांडले आहे. पोट आरपार दिसत असते तर हे किती सोपे झाले असते! पण पोटाला आरशाचे अस्तर आहे, हे वर सांगितलेच. नामाचे पोट फाडावे लागते. मी फाडलेल्या पहिल्याच पोटात अभ्रकाच्या पत्र्यांसारखे अकरा तुकडे निघाले. आधी ते मला वाळूतले अभ्रक वाटले होते.

रंगा तुलनेने सज्जन. पाण्यातले सूक्ष्म जीव, जलपिसवा, डासांच्या अळ्या यांवर त्याची गुजराण. मराठवाड्याच्या दृष्टीने यात एक विसरलेला धागा आहे. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना नारू हा शब्द आठवेल. पायऱ्यांच्या बारवेत लोक उतरून पाणी भरत, नारू झालेल्याच्या पायातून अळ्या पाण्यात जात, त्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवाच्या पोटात वाढत, आणि पिणाऱ्याच्या पोटात परत येत. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. तो गेला तो गाळून पिण्याने, बारवा बंद करण्याने आणि हातपंपांनी; त्याचे श्रेय माशांना देणे चूक होईल. पण सायक्लॉप्स खाणारे मासे म्हणून काचमाशांचा उल्लेख मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आहे. डासांसाठी मात्र आपण दक्षिण अमेरिकेतला गप्पी आणला आणि गावोगावच्या हौदांत सोडला. देशी मासा का नाही, असा सवाल काही निसर्गप्रेमी करतात. त्यांची कळकळ खरी, पण काचमासा पिंपातून दहा किलोमीटर नेऊन पाहा. पोचेपर्यंत निम्मे पांढरे झालेले असतात. गप्पी गटारातही जगतो आणि थेट पिल्ले घालतो.

काचमासा अंडी घालतो, तीही पावसाळ्यात. पाणी चढले, काठाचे गवत आणि पाणवनस्पती बुडाल्या की नर-मादी त्यांच्या गुंत्यात शिरतात. या दिवसांत रंगाचा नर पिवळसर होतो आणि त्याच्या परांच्या कडेला निळसर झाक येते. एरवी दोघांत फरक सांगणे अवघड. अंडी खसखशीपेक्षा लहान आणि चिकट. ती पानांना, मुळांना चिकटतात. मत्स्यपेटीत ती साधारण दिवसभरात फुटतात, आणि निघालेली पिल्ले इतकी बारीक असतात की जलपिसूसुद्धा त्यांना मोठी पडते. घरी पिल्ले जगवण्याचे माझे सहा प्रयत्न फसले. सातवा केला नाही.

पुढे वर्गीकरणात मोठी उलथापालथ झाली, आणि तिच्यातल्या नव्या समूहाला नाव मिळाले ते या चिकट अंड्यावरून. फ्रेझर-ब्रुनरच्या काळात काचमाशांना जिताड्याच्या घराण्यात बसवत. कोकणात ज्या जिताड्यासाठी माणसे दुप्पट पैसे मोजतात, त्याचा हा खुजा पुतण्या, अशी समजूत. हाडे आणि काटे पाहिले तर ती समजूत अगदीच वेडगळ नव्हती. नंतर काचमाशांचे घराणे वेगळे काढले. आता ते अँबॅसिडी या नावाने ओळखले जाते आणि त्यात आठ कुळे व पन्नासच्या आसपास जाती धरतात. बहुतेक बोटाएवढ्या. अपवाद ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीतला गुलिव्हेरी, तो वितीपेक्षा मोठा होतो. मग जनुकांच्या तुलनेतून २०१२ मध्ये ओव्हॅलेंटेरिया नावाचा एक मोठा समूह मांडला गेला. नावाचा अर्थच चिकट अंडीवाले. त्यात काचमासा आहे, खाडीतला बोय आहे, गप्पी आहे, आणि आफ्रिकेतून आलेली चिलापीसुद्धा आहे. म्हणजे नांदेडच्या बाजारात किलोवर जाणारी चिलापी आणि वरच्या चिमटीत फुकट जाणारा काचमासा हे दूरचे का होईना नातलग ठरले, आणि जिताडा परका झाला. चिलापीने धरणातले काठ व्यापले म्हणून दिवसभर शिव्या देणाऱ्या माझ्या भोई मित्रांना मी ही सोयरीक सांगितली. त्यांनी ती साफ नाकारली.

जाती संपल्या असे समजू नये. म्यानमारच्या सीमेकडच्या एका नदीतून २००३ मध्ये कोटेलाट यांनी पुल्चिनेल्ला ही जात वर्णन केली. तिच्या डोक्यावर मोठे कुबड आहे, आणि नाव इटलीच्या लोकनाट्यातल्या एका विनोदी पात्राचे. आपल्याच देशात मणिपूरमधून २०१२ मध्ये वायखोमी ही जात नोंदली गेली. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्यांत थॉमासी आहे. दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर आणि गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिणारा हेन्री थॉमस याच्या नावाची. मराठवाड्यात नवी जात सापडेल, असे आमिष मी विद्यार्थ्यांना दाखवत नाही. पण गोदावरी, मांजरा, मन्याड, आसना, तेरणा यांतले रंगा सगळे एकसारखे आहेत का, हे कुणी ओळीने बसून मोजलेले माझ्या पाहण्यात नाही. टाचणी, भिंग आणि पावसाळ्यानंतरचे तीन महिने लागतात. अनुदान लागत नाही.

नद्यांचे म्हणाल तर त्या आता नद्यांसारख्या वागत नाहीत. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागे पाणी साठून राहते. खाली धर्माबादजवळ बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात आणि मग पडतात. साचलेले, वनस्पतींचे पाणी काचमाशाला मानवते, त्यामुळे बंधाऱ्यांनी त्याचे वाटोळे केले असे मी म्हणणार नाही. अडचण पाणी उतरण्याच्या वेगाची आहे. पंप सुरू झाले की दोन दिवसांत काठ वीतभर खाली जातो, आणि पानांवर चिकटलेली अंडी उन्हात वाळतात. दुसरी अडचण मच्छरदाणीची. जुन्या हातजाळ्यातून काचमासा निसटायचा. दोघांनी दोन टोके धरून ओढलेल्या मच्छरदाणीतून पाण्याशिवाय काही निसटत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे देशाने पाहिले. त्या मे महिन्यात मी मांजरेच्या पात्रातून चालत गेलो होतो. भेगाळलेला गाळ, त्यात शिंपले. एका पुलाखाली, खांबाच्या सावलीत, ताटाएवढे पाणी उरले होते. मी त्यात हात घातला आणि बोटांवर काहीतरी टोचले. तो आडवा काटा. पाण्यात मला काहीच दिसत नव्हते. हाताने चाचपून मोजले तर सात तरी असावेत. सप्टेंबरच्या पुरानंतर त्याच पुलाखाली गवतात पिल्लांचे थवे होते. ती त्या सातांची होती असे सिद्ध करता येणार नाही, पण मी तसे मानतो.

शेवटी एक रागाची गोष्ट. शोभेच्या माशांच्या दुकानांत कधीकधी भडक गुलाबी, हिरव्या, निळ्या पट्ट्यांचे काचमासे दिसतात. लोक ते कौतुकाने घेतात. तो रंग माशाचा नाही; जाड सुईने कातडीखाली टोचून भरलेला असतो. अशा माशांना कातडीवर गाठी आणणारा विषाणूजन्य रोग जास्त होतो हे इंग्लंडमध्ये नोंदले गेले, आणि तिथल्या एका मत्स्यपालन मासिकाने दुकानदारांकडून ते न विकण्याची वचने घेतली. वाचलेल्या माशाचा रंग काही महिन्यांत उतरतो. ज्याचे सारे वैशिष्ट्य रंग नसण्यात आहे, त्याला रंग द्यावासा वाटणे, यावर मला जास्त बोलता येत नाही.

पुस्तिका वापरण्याविषयी दोन शब्द. चित्रे जिवंत माशांवरून काढली आहेत, म्हणून ती बरणीतल्या माशांशी जुळणार नाहीत. कोष्टक चालवताना आधी जबडा, मग खवले, रंग सर्वांत शेवटी. आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकावी. बाहेरची शाई उतरते, आत पेन्सिल टिकते.

आमच्या जुन्या बरणीतले आठही मासे आम्ही दोघांनी, मी आणि त्या विद्यार्थिनीने, एका शनिवारी दुपारी टिपकागदावर मांडले. सहा रंगा निघाले. एक नामा, सुळ्यांसकट. आठवा जुना होऊन पोटाशी फाटला होता, त्याचे खवले गळून बरणीच्या तळाशी साचले होते आणि जबडा हात लावताच निघाला. त्याला वेगळ्या नळीत ठेवले. तिने पेन्सिलीने लिहिले : गोदावरी, नांदेड, एक मासा. नावाची ओळ कोरी सोडली.